आठ उलट्या स्प्रिंगा

"तुझा नकाशाच चुकलाय. माझ्यावर ओरडू नकोस. मी नकाशे काढत नाही, मी तार वळतो."

"मी कुठं ओरडतेय?"

"अख्खी गल्ली ऐकतेय की."

"मग ते मशीन बंद कर. ते गप्प झालं की मी हळू बोलते."

भिंगऱ्यानं खटका खाली पाडला. लेथचा घुरघुराट बसत बसत गेला आणि दुकानात इतकं शांत झालं की मागच्या बाकावर मामा चहा फुंकत होता तेसुद्धा ऐकू यायला लागलं. बहीण-भावाच्या भांडणात मामा कधी पडायचा नाही. भाचीची बाजू घ्यावी तर भाचा फुगणार, भाच्याची घ्यावी तर भाची घरी जाऊन आईला सांगणार. त्यापेक्षा चहा बरा.

ज्याच्यावरून जुंपली होती ते दुकानाच्या मधोमध उभं होतं. माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच. पेन्सिलीसारख्या जाड तारेच्या आठ स्प्रिंगा, कुणी आडवी, कुणी तिरपी, कुणी दुसरीच्या खांद्यावर रेलल्यासारखी, आणि एकीच्या शेपटातून निघून पुढचीच्या तोंडात शिरणारी वाकवलेली तार. म्हणजे सगळी मिळून एकच लांबलचक माळ. माळेत दीडशेच्या वर लाकडी मणी, काही निळे, काही पिवळे, आणि जवळजवळ प्रत्येक मण्याला बाहेर डोकावणारी एक खुंटी. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघितलं असतं तर म्हणाला असता, पोरानं भंगार रंगवून ठेवलंय. पण ते प्रोटीन होतं. स्नायूत ऑक्सिजन साठवून ठेवणारं. एक रेणू, डोळ्याला कधीच न दिसणारा, तो भिंगऱ्यानं छातीएवढा करून ठेवला होता.

भिंगऱ्या हे काही त्याचं खरं नाव नाही. लहानपणापासून पायाला भिंगरी, म्हणून भिंगऱ्या. वर्गात बसायचा तो एका मांडीवर, दुसरा पाय दाराकडे. एक दिवस परीक्षेच्या मधेच उठला आणि तो दुसरा पाय जिकडं होता तिकडं निघून गेला. आई रडली, शेजारी हळहळले, मामा म्हणाला, "दे माझ्याकडे. माझ्याकडे बसायला खुर्चीच नाही." तेव्हापासून तो इथं. राग नाकाच्या शेंड्यावर, पण नजर अशी की तारेवर केसाएवढा ओरखडा असला तरी लांबून दिसायचा.

ताईचं सगळं उलटं. ती शिकत गेली, शिकत गेली, आणि आता विद्यापीठात प्रोटीनवर काम करत होती. तिथं एक नवीन दालन उघडायचं होतं, ज्यात प्रत्येक गोष्टीला लोकांनी हात लावून बघायचं. हे प्रोटीन कुणाकडून करून घ्यायचं यावर बैठक बसली. एक कंपनी प्लॅस्टिकचं द्यायला तयार होती. ताई मधेच म्हणाली, "माझा भाऊ करेल."

तिच्या वरच्या मॅडमनी विचारलं, "भाऊ काय शिकलाय?"

"शाळा सोडलीय. तार वळतो."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "ठीक. आणून दाखवा. बरोबर असेल तर उभं राहील. चूक असेल तर प्लॅस्टिक."

तो दाखवायचा दिवस म्हणजे उद्याची सकाळ. टेम्पो सांगून ठेवलेला होता.

ताईचा शब्द पणाला लागला होता हे तर होतंच. पण भिंगऱ्याचं दुखणं वेगळं होतं, आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. स्प्रिंग करणाऱ्याचं काम नेहमी आत जातं. सीटच्या आत, कुलपाच्या आत, गाडीच्या पोटात. हजारो स्प्रिंगा वळल्या त्यानं, त्यातली एकही परत कधी दिसली नाही. लोक त्यांच्यावर बसतात आणि विसरतात. हे पहिलं काम होतं जे बाहेर उभं राहणार होतं. लोक त्याच्याभोवती फिरणार होते.

"सांग ना मग," ताई हळू आवाजात म्हणाली. "कुठं चुकलाय नकाशा?"

"हे बघ." भिंगऱ्यानं बोट दाखवलं. "तूच म्हणालीस ना, निळे मणी पाण्यात खूश असतात, पिवळे तेलकट असतात, ते पाण्याला भिऊन आत दडी मारतात. त्यामुळंच म्हणे ही माळ घडी घालून बसते."

"हो."

"मग हा पिवळा बघ. हा बघ. ही तर अख्खी ओळ. सगळे बाहेर तोंड काढून उभेत, लग्नाच्या फोटोतल्यासारखे. आणि निळे आत गुदमरलेत. मी तुझ्या आकड्यांप्रमाणं एकेक मणी बसवलाय, एकही चुकवला नाही. मग नकाशाच चुकलाय."

ताई मॉडेलजवळ आली. या आठवड्यात ती तीनदा येऊन गेली होती. रोज याच आकारांत डोकं खुपसून बसणारी बाई, आणि तिच्या हे लक्षात आलं नव्हतं. ती मॉडेलच्या एका बाजूला गुडघ्यावर बसली, मग दुसऱ्या बाजूला. मग उजव्या हाताची मूठ करून अंगठा वर केला आणि ती मूठ एका स्प्रिंगशेजारी धरली. मग दुसरीशेजारी. तिसरीशेजारी. आठव्या स्प्रिंगपर्यंत पोचली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की मामानं कप खाली ठेवला.

"नकाशा बरोबर आहे," ती म्हणाली. "तू उलट्या वळल्यास. आठही."

"उलट्या म्हणजे?"

"पीळ उलटा. प्रोटीनमधली स्प्रिंग उजव्या पिळाची असते. अंगठा वरच्या दिशेनं धरला की उजव्या हाताची बोटं जशी वळतात, तशी चढत जाते. तुझ्या सगळ्या डाव्या हातानं चढतायत."

"मग एवढं तोंड पाडायला काय झालं? काढतो, खालचं टोक वर करतो, परत बसवतो. उलट्याची उलटी म्हणजे सुलटी."

ताईनं बाकावर पडलेला स्प्रिंगचा एक तुकडा उचलून त्याच्या हातात दिला. "कर उलटी."

भिंगऱ्यानं तुकडा उभा धरला. समोरची तार डावीकडं चढत होती. त्यानं खालचं वर केलं. समोरची तार डावीकडंच चढत होती. त्यानं परत फिरवला, आडवा केला, पाठ पुढं केली, पोट मागं केलं. तार आपली डावीकडं. तुकडा जणू त्याच्याकडं बघून हसत होता.

आणि मग त्याला नट आठवला. नट कुठल्याही तोंडानं बोल्टवर चढवा, आवळायचा तो एकाच दिशेनं. हे तर त्याला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. फक्त कळलं आज.

"म्हणजे हिला सुलटी करायचा इलाजच नाही?"

"आरसा आहे. आरशात सुलटी दिसेल."

"मग दालनात आरसा लावून देतो. लोकांना म्हणावं तिकडं बघा."

ताई हसली नाही. मामा हसला, आणि हसता हसता उठून आला. त्यानं एका स्प्रिंगवरून बोट फिरवलं, वेढा मोजल्यासारखं.

"आयला," मामा म्हणाला. "ही तर आतली."

आता हे समजायला मामाचं दुकान समजायला हवं. मोठ्या गाड्यांना एकात एक अशा दोन स्प्रिंगा लागतात. बाहेरची जाड, आतली बारीक. दोन्ही एकाच पिळाच्या असल्या तर दाबल्यावर एकीचे वेढे दुसरीच्या फटीत घुसतात आणि दोघी अडकून बसतात. म्हणून बाहेरची सुलटी वळायची आणि आतली उलटी. गेला महिनाभर दुकानात नुसत्या आतल्याच चालल्या होत्या. मशीनचे गिअर उलट्या पिळाला लावलेले, भिंगऱ्याचा हातही त्यालाच सरावलेला. ताईचं काम आलं तेव्हा त्यानं ज्यावर तार वळायची तो दांडा बदलला, तार बदलली, गिअरकडं मात्र बघितलंसुद्धा नाही.

"मी स्वतः हात फिरवला होता परवा," मामा म्हणाला. "म्हटलं, काय देखणी आतली झालीय पोराची. हिच्या बाहेरची कुठाय, एवढं मात्र विचारायचं राहिलं."

"तुझ्यापण लक्षात नाही आलं?"

"डोळ्यानं नाही, सवयीनं बघितलं रे."

भिंगऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हे लक्षण घरात सगळ्यांना माहीत होतं.

"पण कुणाला कळणारेय?" तो ताईवर उसळला. "कोण येऊन मूठ लावून बघणारेय? स्प्रिंग ती स्प्रिंग. डावी काय अन् उजवी काय."

"मॅडमना कळेल."

"फक्त त्यांना ना?"

"आणि तुला कळलं. आता पाच मिनिटांपूर्वी. मूठबीठ न लावता." ताईनं बाहेर आलेल्या पिवळ्या मण्यांकडं बोट केलं. "मला तीन खेपांत दिसलं नाही ते तुला दिसलं. पीळ उलटा झाला की प्रत्येक मण्याचं तोंड फिरतं. ज्यानं आत बघायचं तो बाहेर बघतो. खोटं बोलत नाही ही वस्तू, भिंगऱ्या. चुकीची वळली तर चुकीची दिसते. हात लावणाऱ्या पोरांना हेच तर दाखवायचंय."

"मग दाखव प्लॅस्टिकवर." त्यानं हातातला तुकडा फेकला. तो भिंतीवर आपटून उडाला आणि तेलाच्या डब्यामागं जाऊन पडला. भिंगऱ्या दाराकडं निघाला. तोच तो दुसरा पाय.

बोलून थांबणारा भाऊ नाही हे ताईला माहीत होतं. मामा सावकाश मशीनजवळ गेला, बाजूचं झाकण उघडलं, आणि गिअर काढायला पाना लावला.

भिंगऱ्या उंबऱ्यावर होता. पान्याचा आवाज आला तसा थांबला.

"काय करतोयस?"

"वळतो की. आठच तर आहेत. बघू जमतंय का म्हाताऱ्याला."

"तू कशाला? नकाशा तुला कळत नाही. कुठल्या स्प्रिंगला किती वेढे ते तुला माहीत नाही. आणि तो पाना त्या नटाचा नाही, कडा खाशील त्याच्या."

"मग कुठला?"

"हो बाजूला," भिंगऱ्या म्हणाला आणि आत आला. "माझ्या मशीनला हात लावू नकोस."

मामा लगेच बाजूला झाला. इतक्या लगेच की ताईला शंका आली, पण मामाचा चेहरा कोरा होता.

गिअर बदलले. मामानं माळ्यावरून तारेचं नवीन भेंडोळं खाली ओढलं आणि ज्या गिऱ्हाइकासाठी ते ठेवलं होतं त्याला दुसरं आणून देऊ म्हणाला. पहिली स्प्रिंग बिघडली. स्प्रिंगची तार रागीट असते. वळून सोडली की उसळी मारून थोडी उलगडते, म्हणून ती किती उलगडेल ते धरून बारीक दांड्यावर वळावी लागते. महिनाभराची सवय हाताला उलट्या बाजूला ओढत होती. भिंगऱ्यानं दोन शिव्या दिल्या, एक तारेला, एक स्वतःला, आणि ती स्प्रिंग कोपऱ्यात टाकली. दुसरी बरोबर उतरली. त्यानं ती उभी धरली. समोरची तार उजवीकडं चढत होती, कशी, डोंगरावरची वाट चढते तशी, संथ आणि सारखी. त्यानं उजवी मूठ शेजारी लावून बघितली. कुणी बघत नाही असं वाटलं तेव्हा.

"बघितलं मी," ताई म्हणाली.

"गप. मणी काढ जुने."

मग दुपारभर तिघं भिडले. मामा जुन्या स्प्रिंगांतून मणी उतरवत होता, ताई क्रमानं नावं वाचत होती, भिंगऱ्या एकेक मणी पीळ फिरवत फिरवत आत सरकवून बारीक स्क्रूनं पक्का करत होता. मणी म्हणजे अमिनो आम्लं, एकूण वीस जातींची, आणि ताईच्या तोंडी त्यांची नावं अशी की जीभ अडखळावी. भिंगऱ्यानं पहिल्याच दिवशी त्यांची बारशी करून टाकली होती.

"ल्युसिन."

"तेलकट. पिवळा. पुढं?"

"लायसिन."

"लांब शेपट्या. निळा."

"ग्लायसिन."

"बिनशेपटीचा." या मण्याला खुंटी नव्हती. "गरीब बिचारा. पुढं?"

"ताई," मामानं मधेच विचारलं. "तार सगळ्यांची एकच आहे, मग एवढ्या जाती कशाला?"

"पाठ सगळ्यांची सारखीच असते मामा. पाठीला पाठ जोडून माळ होते. फरक असतो तो खुंटीत. कुणाची तेलकट, कुणाची पाण्यात रमणारी, कुणात अधिक भार, कुणात उणा, अधिकवाला उण्याला ओढतो. कुठली खुंटी कितव्या जागी, एवढ्यावरून माळ ठरवते आपण कशी घडी घालून बसायचं ते. आणि घडी कशी पडली त्यावरून ठरतं ती काम काय करणार. हिनं ऑक्सिजन धरायचा. केसातली नुसती ताणून धरते. पोटातली दुसऱ्या प्रोटीनचेच तुकडे करते."

"आमच्यासारखंच मग. तार तीच. वळली कशी त्यावर, गादीत जाईल का कुलपात."

"हो, फक्त तुमच्या तारेला कुणीतरी वळावं लागतं. ही स्वतःच वळते."

भिंगऱ्याचा हात थांबला. "स्वतः? मशीन नाही, दांडा नाही?"

"काहींना थोडा आधार लागतो. पण ही पाण्यात सोडली की आपली आपण घडी घालते. क्षणात."

"आणि दरवेळी सारखीच?"

"सारखीच."

भिंगऱ्यानं शीळ घातली. आठ स्प्रिंगा वळताना त्याचा जीव जायची वेळ आली होती. "हिला कामावर ठेव मामा. मी चाललो."

"पण उजवाच पीळ का?" मामाचं अजून तिथंच अडलं होतं. "डावा का नाही?"

"अमिनो आम्लांतही डावी-उजवी असतात, हातमोज्यांच्या जोडीसारखी. आरशातली जुळी. आपल्या अंगातली प्रोटीनं त्यातला एकच मोजा वापरतात, सगळीकडे तोच. त्या मोज्यांची माळ उजव्या पिळात आरामात बसते. डाव्यात घातली की खुंट्या पाठीत टोचतात."

"म्हणजे हिचा पीळ पक्का. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसा," मामानं भाच्याकडं बघत म्हटलं.

"नाही मामा, हिचा जातो. अंडं उकडलं की जातो. घड्या उलगडतात, पिवळे सगळे बाहेर येतात, एकमेकांना चिकटतात, आणि पातळ होतं ते घट्ट होतं. मग कितीही गार करा, परत नाही."

"मग हा अंड्यापेक्षा वाईट. हा उकळतो रोज आणि परत तसाच."

भिंगऱ्यानं न बघता एक चिंधी मामाच्या दिशेनं भिरकावली.

"प्रोलिन," ताईनं वाचलं.

"हा बसत नाहीये." भिंगऱ्या मणी पुढं रेटत होता. "परवापण हाच अडला होता. ताठ आहे लेकाचा."

"तो असाच आहे. त्याची खुंटी वळून स्वतःच्याच पाठीला जोडलेली असते, म्हणून त्याला वाकता येत नाही. पिळाच्या मधे घातला तर पीळ मोडतो. त्याची जागा तोंडाशी आहे, वळणावर. तिथं बसव."

"नीट बसत नाही, रांगेत राहत नाही, जिथं जाईल तिथं मोडतोड," मामा म्हणाला. "नाव वेगळं दिलंय फक्त. हा आपलाच आहे."

भिंगऱ्याचे कान परत लाल व्हायला लागले. ताईनं कागदावरून मान वर केली नाही.

"असले मणी नसते तर ही माळ सरळसोट सळई झाली असती, मामा. वळणंच पडली नसती. वळण नाही म्हणजे घडी नाही, घडी नाही म्हणजे प्रोटीन कसलं. पुढचा. सेरिन."

भिंगऱ्यानं प्रोलिन वळणावर बसवला. स्क्रू आवळताना त्यानं तो जरा जास्तच काळजीनं आवळला, पण ताईनं ते बघितलं नाही असं दाखवलं.

स्प्रिंगा जोडताना परत घोळ झाला. पीळ बदलला तशी प्रत्येक स्प्रिंगची शेपटं वेगळ्याच जागी निघाली, आणि जुन्या वाकवलेल्या तारा त्यांच्यापर्यंत पोचेनात. मामा म्हणाला, शेपूट कापून टाक थोडं. ताई म्हणाली, एक मणीसुद्धा कमी चालणार नाही. भिंगऱ्या म्हणाला, दोघंही गप्प बसा. त्यानं सातही जोड नव्यानं वाकवले, शेगडीवर तार लाल करून, पकडीनं, डोळ्याच्या अंदाजानं. मामा उगाच बाकाची साफसफाई करत होता, पण फडकं एकाच जागेवर फिरत होतं. पंचवीस वर्षं त्यानं तार वाकवली होती, आणि हा पोरगा एकदा बघून वाकवत होता, दुसऱ्यांदा मोडून सरळ करायची वेळ येत नव्हती.

रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा आठवी स्प्रिंग जागेवर बसली होती. तिघं मागं सरले.

कुणी सांगायची गरज नव्हती. बाहेरून सगळं निळं दिसत होतं, आणि आत, फटीफटीतून, पिवळं. जणू आतून कुणी दिवा लावलाय. जुन्यात जे अंग चोरून बसल्यासारखं वाटायचं, ते इथं ऐसपैस बसलं होतं, स्प्रिंग स्प्रिंगला रेलून, कुणाचं कोपर कुणाला लागत नव्हतं. मधे एक खिसा तयार झाला होता. लोखंडाची गोळी मधोमध असलेली लाल चकती त्या खिशात जायची, हीच ती ऑक्सिजन धरणारी. जुन्यात भिंगऱ्यानं ती लाकडी हातोडीनं ठोकून बसवली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. आता त्यानं ती दोन बोटांत धरली, फटीशी नेली आणि सोडली. ती आत सरकली आणि टेकली.

"ठोकली नाहीस?" मामानं विचारलं. म्हणजे त्याला ते माहीत होतं.

"लागलंच नाही," भिंगऱ्या म्हणाला.

सकाळी टेम्पोत तो मॉडेलला धरून मागं उभा राहिला. प्रत्येक खड्ड्याला टेम्पोवाल्याचा उद्धार करत. ताई पुढं बसली होती आणि नखं खात होती, विद्यापीठात शिकवणारी बाई.

दालनात अजून रंगाचा वास होता. खिडक्या मोठ्या, फरशीवर खोक्यांचे पुठ्ठे, मधे एक रिकामा ओटा. एका कोपऱ्यात कंपनीचा माहितीपत्रकांचा गठ्ठा पडलेला, वर प्लॅस्टिकच्या प्रोटीनचा गुळगुळीत फोटो. भिंगऱ्यानं तो बघितला. त्यातला पीळ बरोबर होता. त्याला जरा वाईटच वाटलं.

मॅडम आल्या. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, बाहीला खडूची पूड. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ ओट्याशी. उजवी मूठ केली, अंगठा वर. पहिली स्प्रिंग. दुसरी. भिंगऱ्यानं श्वास धरून ठेवला आणि आपण तो धरलाय याचाच त्याला राग आला. सातवी. आठवी. मग त्यांनी चष्मा काढून खिशात टाकला, डोळे मिटले, माळेच्या एका टोकाला बोट टेकलं आणि निघाल्या. तारेवरून, मण्यांवरून, वळणांवरून, आत, बाहेर. दालनात एवढी शांतता की त्यांच्या नखाचा तारेवर होणारा आवाज ऐकू येत होता. पाचव्या वळणावर बोट थांबलं.

"इथं बोचतंय."

ताईचा चेहरा उतरला. भिंगऱ्यानं खिशातून कानस काढली, दोनदा घासली, अंगठा फिरवला. "आता बघा."

बोट तिथून पुढं निघालं आणि शेवटपर्यंत कुठं अडलं नाही. मॅडमनी डोळे उघडले.

"कंपनीला कळवा, नको म्हणून," त्या ताईला म्हणाल्या. "हे इथंच राहू दे."

ताई जवळच्या खोक्यावर बसली. खोकं रिकामं होतं, ते तिच्याखाली दबलं, पण ती उठली नाही. मग तिला राहवेना. "मॅडम, कालपर्यंत आठही उलट्या होत्या. त्याला दिसलं. मला नाही दिसलं."

"ताई," भिंगऱ्या दातओठ खात म्हणाला.

"कशावरून दिसलं?" मॅडमनी त्यालाच विचारलं.

"पिवळे बाहेर आले होते. मला वाटलं हिचा नकाशा चुकलाय."

"वाटणारच. मलाही आधी दुसऱ्याचंच चुकलंय असं वाटतं." त्यांनी चष्मा परत चढवला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, तेलाच्या डागांसकट. "रक्तात याच्या जातीचे चार जण एकत्र राहतात. चौघांची एक गाठ. त्यातल्या एकानं ऑक्सिजन धरला की अख्खी गाठ किंचित फिरते, दोघे उरलेल्या दोघांवर सरकतात, आणि बाकीच्यांना धरणं सोपं जातं. मला ते सरकताना दाखवायचंय. पोरांनी ऑक्सिजनची एक गोटी आत ढकलली की चौघं हलली पाहिजेत. कंपनी म्हणते, होणार नाही."

"होणार नाही कसं?" भिंगऱ्या म्हणाला. त्याचे डोळे ओट्यावरच्या मॉडेलवर होते, पण तो तिथं नव्हताच. "किती सरकतात?"

"थोडंसं. दाराचं कुलूप उघडताना किल्ली फिरते, त्याच्याहूनही कमी."

"परत मागं येतात?"

"ऑक्सिजन सोडला की येतात."

"मग मधे खरी स्प्रिंग लागेल. दाबाची नाही, पिळाची. आणि चौघांची तार ही नको, ही जड पडेल, चार जणांचं वजन आलं की खालचे दोघं बसतील. पोकळ नळी घेतली तर…" तो दाराकडं सरकत होता, एक पाय आधीच बाहेर.

"अरे, बस तरी दोन मिनिटं," ताई म्हणाली. "मॅडम चहा सांगतायत."

"मामा आज नवी तार उचलायला जाणारेय. तो तीच जाड घेऊन येईल ढीगभर. त्याला वाटेतच गाठायला हवं. ताई, मी निघतो आता."